गाळ, पाचट आणि उपयुक्त कार्बन

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की तोडणी झालेल्या फडांत पाचटाचा जाड थर मागे राहतो आणि आजही पुष्कळ ठिकाणी तो पेटवून देण्यात येतो. विदर्भ-मराठवाड्यात कापसाची वेचणी संपल्यावर पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचले जातात. त्यांतील काही चुलीत जातात, बाकीच्यांची होळी होते. कोकणात नारळाच्या करवंट्या आणि काजूची टरफले, भातगिरण्यांच्या आवारात तूस, तर सोयाबीनच्या पट्ट्यात कुटार, अशा रीतीने प्रत्येक पिकामागे काही ना काही शिल्लक राहतेच. दुसरीकडे औद्योगिक वसाहतींत सांडपाणी शुद्ध करून झाल्यावर तळाशी बसणारा गाळ दिवसागणिक साचत असतो.

पहिला कचरा शेताचा आणि दुसरा कारखान्याचा. वरवर पाहता या दोहोंत काही साम्य नाही. परंतु दोहोंतही कार्बन आहे. हवा न लागू देता ते तापविले, तर त्यांतून काळा, सच्छिद्र, कोळशासारखा पदार्थ मिळतो. इंधन, पाणी स्वच्छ करण्याचे साधन, दुर्गंधीयुक्त वायू धरून ठेवणारे माध्यम आणि जमीन सुधारण्याचे द्रव्य अशा विविध कामांसाठी त्याचा वापर करता येतो. देशोदेशींच्या प्रयोगशाळांत या विषयावर बरेच काम झाले असून त्यातील काही भाग प्रत्यक्ष व्यवहारातही उतरला आहे. मात्र ‘कचऱ्यापासून कार्बन’ हे शब्द जितके आकर्षक आहेत, तितकी ही प्रक्रिया सरळ नाही. कोणत्या कचऱ्यापासून कार्बन तयार झाला, यावर तो कोठे वापरावा आणि कोठे वापरू नये हे ठरते. हा विवेक सुटला, तर लाभाऐवजी हानीच पदरी पडण्याचा संभव आहे. म्हणून या प्रक्रियेचे स्वरूप, तिच्या शक्यता आणि तिच्या मर्यादा समजून घेणे अगत्याचे आहे.

जाळणे आणि कोळसा करणे

पाचट उघड्यावर पेटविले, की हवेतील ऑक्सिजन आणि पाचटातील कार्बन यांचा संयोग होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू होतो आणि मागे मूठभर राख उरते. तेच पाचट बंद पिंपात भरून बाहेरून तापविले, तर निराळे घडते. प्रथम त्यातील पाणी वाफ होऊन निघून जाते. सुमारे २०० ते ४०० अंश सेल्सियसच्या दरम्यान वनस्पतीच्या पेशीभित्तिकांतील हेमिसेल्युलोज व सेल्युलोज ही द्रव्ये मोडू लागतात. लिग्निन हे चिवट द्रव्य त्याहून सावकाश, अधिक तापमानापर्यंत विघटित होत राहते. या विघटनातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारख्या द्रव्यांची वाफ बाहेर पडते. जळण्यासाठी आत ऑक्सिजन नसल्यामुळे कार्बनचा सांगाडा मात्र जागच्या जागी शिल्लक राहतो. या प्रक्रियेस कार्बनीकरण असे म्हणतात.

वाळलेल्या वनस्पतिद्रव्याच्या वजनापैकी साधारणपणे पाव ते एक-तृतीयांश एवढा कोळसा हाती येतो. उरलेला भाग वायू व वाफेच्या रूपाने जातो. जुन्या पद्धतीच्या कोळसाभट्टीत हा वायू धुरावाटे वाया जातो आणि आसपासच्या लोकांना त्याचा त्रास होतो. सुधारित भट्टीत हाच वायू पिंपाच्या बाहेर जाळून त्याची उष्णता भट्टी तापविण्यास लावली जाते. असे केल्याने प्रारंभी थोडे इंधन खर्ची पडते. पण पुढे भट्टी बव्हंशी स्वतःच्याच वायूवर चालते आणि धूरही आटोक्यात राहतो.

कोळशाची करामत

कोळसा केवळ जळणाच्या उपयोगाचा नाही हे ज्ञान बरेच जुने आहे. कोळसा वायू धरून ठेवतो असे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शील यांनी १७७३ साली नोंदविले. रंगीत द्रावणात कोळसा टाकल्यास द्रावणाचा रंग उतरतो, ही गोष्ट लोविट्झ यांनी १७८५ साली रशियात दाखवून दिली. या दुसऱ्या गुणाचा मोठ्या प्रमाणावर पहिला लाभ घेतला तो साखर उद्योगाने. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील साखर शुद्ध करणारे कारखाने रसाचा तपकिरी रंग घालविण्यासाठी लाकडाचा आणि पुढे हाडांचा कोळसा वापरू लागले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ओस्ट्रेको यांनी कोळशाची ही शक्ती कृत्रिम रीत्या वाढविण्याच्या पद्धतींची एकस्वे मिळविली आणि आज ज्यास सक्रियित कार्बन म्हणतात त्याच्या उद्योगाचा पाया घातला गेला. पहिल्या महायुद्धात १९१५ साली विषारी वायूचा प्रयोग सुरू झाल्यावर सैनिकांच्या मुखवट्यांत भरण्यासाठी अशा कोळशाची मोठी गरज निर्माण झाली. अमेरिकेत तर त्यासाठी फळांच्या कोयी आणि कवचफळांची टरफले नागरिकांकडून गोळा करण्यात आली होती. टाकाऊ वनस्पतिद्रव्यापासून मौल्यवान कार्बन तयार करण्याची कल्पना आजची नाही, हे यावरून ध्यानात येईल.

कोळशाच्या अंगी हे सामर्थ्य कोठून येते? सक्रियित कार्बनचा कण डोळ्यांना भरीव दिसतो. परंतु त्याच्या आत सूक्ष्म रंध्रांचे जाळे असते. या सर्व रंध्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ एकत्र केल्यास चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम कार्बनचा पृष्ठभाग सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे भरतो. पाण्यातील रंगाचे, दुर्गंधीचे किंवा विषारी द्रव्याचे रेणू या भिंतींना चिकटून राहतात. रेणू आत मुरत नाहीत, तर पृष्ठभागावर धरले जातात, म्हणून या क्रियेस पृष्ठशोषण म्हणतात.

साध्या कोळशाची रंध्रे डांबरी द्रव्यांनी बुजलेली असतात. ती मोकळी करण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत कोळसा सुमारे ८०० ते १,००० अंश सेल्सियसला तापवून त्यावरून पाण्याची वाफ किंवा कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात. त्यामुळे थोडा कार्बन खर्ची पडतो. परंतु रंध्रे कोरली जातात. दुसऱ्या रीतीत कच्चा माल आधी फॉस्फोरिक आम्ल किंवा तत्सम रसायनात भिजवून त्याहून कमी तापमानाला भाजतात आणि नंतर धुऊन ते रसायन परत मिळवितात. नारळाच्या करवंटीपासून मिळणारा कार्बन टणक आणि अतिसूक्ष्म रंध्रांचा असतो. त्यामुळे पाणी गाळण्याच्या यंत्रांपासून सोन्याच्या खाणीपर्यंत त्यास मागणी आहे. पाचट किंवा तूस यांचा कोळसा मात्र भुगाच होतो आणि त्यात राखेचे प्रमाणही अधिक असते. तो प्रत्येक ठिकाणी करवंटीच्या कार्बनची जागा घेऊ शकणार नाही.

शेतातील कचरा : काय घ्यावे, काय ठेवावे

महाराष्ट्राचे या क्षेत्रातील एक उदाहरण सर्वश्रुत आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या प्रेरणेने पुण्यात स्थापन झालेल्या ‘आरती’ अर्थात अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची सुटसुटीत भट्टी विकसित केली. या कामासाठी संस्थेस २००२ साली अ‍ॅश्डेन पारितोषिकाने गौरविण्यात आले. या भट्टीत पाचटाने भरलेली लोखंडी पिंपे एका मोठ्या कोठीत ठेवतात. खाली थोडे पाचट जाळून ती तापविली, की पिंपांतून निघणारा वायूच पुढील जळणाचे काम करतो. तयार झालेला भुगा खळीत कालवून त्याच्या कांड्या पाडल्या आणि वाळविल्या, की स्वयंपाकासाठी बिनधुराचे इंधन मिळते.

या योजनेत एक महत्त्वाचा व्यावहारिक विचार आहे. पाचट वजनाने हलके आणि आकाराने अवाढव्य असते. ते मालमोटारीत भरून दूरच्या कारखान्यात न्यावयाचे म्हटल्यास वाहतुकीचाच खर्च परवडत नाही. म्हणून पाचट भट्टीकडे नेण्यापेक्षा भट्टी फडाजवळ नेणे श्रेयस्कर ठरते. घनफळ कमी झालेला कोळसा मग कोठेही नेता येतो.

तथापि, सर्वच पाचट भट्टीत घालावे असा याचा अर्थ नाही. एका हेक्टर उसातून सुमारे ८ ते १० टन पाचट मिळते. खोडव्याच्या सरींत ते पसरून कुजविले, तर ओल टिकते, तण कमी होते आणि जमिनीस सेंद्रिय द्रव्य मिळते. कृषी खात्याचा आणि विद्यापीठांचा हाच आग्रह आहे. ज्या शेतकऱ्यास खोडवा ठेवावयाचा आहे, त्याने पाचट शेतातच ठेवणे हिताचे होय. कोळशाचा विचार करावयाचा तो अन्यथा पेटवून दिल्या जाणाऱ्या पाचटाचा.

पऱ्हाट्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडण्यासाठी हंगाम संपताच पऱ्हाट्या शेतातून काढणे आवश्यक असते. त्या बांधावर तशाच पडून राहिल्या, तर अळीला आश्रय मिळतो. पऱ्हाटी लाकडासारखी कठीण असल्याने तिचा कोळसाही पाचटापेक्षा चांगला होतो. येथे कीडनियंत्रण आणि कोळसानिर्मिती या दोन्ही गोष्टी एकमेकींस पूरक ठरू शकतात. उसाच्या चिपाडाविषयी मात्र वेगळा निर्णय करावा लागतो. गाळल्या जाणाऱ्या उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओले चिपाड निघते. परंतु ते कारखान्याच्या बाष्पकात जळते आणि सहवीजनिर्मितीमुळे त्यास चांगले मोल आले आहे. त्यास कचरा समजणे आता योग्य होणार नाही. बाष्पकाच्या राखेत मात्र न जळलेला कार्बन शिल्लक असतो. सांडपाण्याचा रंग उतरविण्यासाठी या राखेचा उपयोग करण्याचे प्रयोग झाले आहेत.

वनस्पतिजन्य कोळशाचा भुगा जमिनीत मिसळण्याच्या कल्पनेकडेही अलीकडे लक्ष वेधले गेले आहे. अशा कोळशास बायोचार म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात शेकडो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांच्या जागी आढळणाऱ्या काळ्या, सुपीक मातीत कोळशाचे प्रमाण मोठे आहे. हा कार्बन मातीत दीर्घकाळ टिकतो, हे त्यावरून दिसून आले. परंतु तेथील मूळ जमीन आम्लधर्मी आहे आणि कोळशातील राख अल्कधर्मी असते, ही बाब विसरता कामा नये. कोकणातील जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत त्याचा लाभ होण्याचा संभव अधिक आहे. देशावरील काळी, चुनखडीयुक्त जमीन मुळातच अल्कधर्मी असल्याने तेथे तेवढा परिणाम अपेक्षू नये. मातीपरीक्षण केल्याशिवाय आणि शेणखत अथवा कंपोस्टाची जोड दिल्याशिवाय कोळसा मोठ्या प्रमाणावर टाकणे युक्त नव्हे. कोळसा हे खत नाही. खताची व पाण्याची धारणा वाढविणारे ते एक साधन आहे.

गाळ कोठून येतो?

आता दुसऱ्या कचऱ्याकडे वळू. नद्या-नाल्यांचे प्रदूषण रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला, १९७० साली राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले आणि १९७४ साली केंद्राचा जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा झाला. त्यानंतर कारखान्यांना आपले सांडपाणी शुद्ध करूनच बाहेर सोडणे बंधनकारक झाले. परंतु पाणी स्वच्छ झाले म्हणजे त्यातील घाण नाहीशी झाली, असे नव्हे. तिचा मोठा भाग गाळाच्या रूपाने मागे राहिला. शुद्धीकरण जितके चांगले, तितका गाळही अधिक, असा हा हिशेब आहे.

सर्व गाळ एका जातीचा नसतो. दूध, फळप्रक्रिया यांसारख्या उद्योगांच्या सांडपाण्यावर जिवाणूंच्या साहाय्याने प्रक्रिया केली जाते. तेथील गाळ हा मुख्यतः जिवाणूंच्या पेशींचा बनलेला असून त्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर असते. कागद गिरण्यांच्या गाळात लगद्याचे तंतू आणि खनिज भुकटी यांचे मिश्रण असते. इचलकरंजी, भिवंडी, सोलापूर यांसारख्या वस्त्रोद्योगाच्या केंद्रांतून कापड रंगविताना जे पाणी निघते, तशा पाण्यातील रंग खाली बसविण्यासाठी चुना, लोहाचे क्षार किंवा तुरटीसारखी द्रव्ये घालण्याची पद्धत आहे. परिणामी अशा गाळात कॅल्शियम, लोह व अ‍ॅल्युमिनियम यांचाच भरणा होतो आणि कार्बन त्या मानाने थोडा असतो. धातूंवर मुलामा देणाऱ्या किंवा कातडी कमाविणाऱ्या उद्योगांच्या गाळात तर क्रोमियम, निकेल, जस्त यांसारखे धातू आढळतात. तेव्हा गाळाचे कूळ आधी ओळखावे आणि मगच त्याचे काय करावयाचे ते ठरवावे, हा पहिला नियम होय.

पहिली अडचण पाण्याची

गाळाच्या बाबतीत सर्वात मोठा खर्च पाणी काढण्याचा आहे. यंत्राने दाबून पिळून काढल्यावरही गाळात पुष्कळदा ७५ ते ८० टक्के पाणी राहते. एक टन गाळात ८० टक्के पाणी आहे असे धरले, तर त्यात ८०० किलो पाणी आणि केवळ २०० किलो घन पदार्थ असतो. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे एका टन गाळातील पाण्यासाठी ४ लाख ८० हजार किलोकॅलरी लागतील. २०० किलो घन पदार्थाचे उष्णतामूल्य किलोला ३,००० किलोकॅलरी मानले, तर त्यापासून एकंदर ६ लाख किलोकॅलरी मिळू शकतील. सारांश, गाळात दडलेल्या उष्णतेपैकी चार-पंचमांश उष्णता त्याला वाळविण्यातच संपते. चुन्याच्या गाळात तर उष्णतामूल्य याहूनही कमी असल्याने हिशेब तोट्यातच जातो.

यावर पहिला उपाय आपल्या हवामानात सहज उपलब्ध आहे, तो म्हणजे ऊन. वर पारदर्शक छप्पर आणि खाली पक्की फरशी असलेल्या वाळवणगृहात गाळ पसरून वरचेवर उलथविला, तर भट्टीचा भार पुष्कळ हलका होतो. पाण्याचे प्रमाण ८० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आले, तरी एक टन गाळाचे वजन ४०० किलोवर येते. बाष्पकाच्या धुराड्यातून वाया जाणारी उष्णताही याच कामी लावता येते.

दुसरा उपाय अधिक तांत्रिक आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेर्गियुस यांनी १९१३ च्या सुमारास वनस्पतिद्रव्य पाण्यासह बंद पात्रात दाबाखाली तापवून कोळशासारखा पदार्थ मिळविला होता. या पद्धतीत सुमारे १८० ते २५० अंश सेल्सियस तापमान ठेवतात. दाबामुळे पाण्याची वाफ होत नाही आणि गाळ आधी वाळवावा लागत नाही. शिवाय प्रक्रियेनंतर गाळातील पाणी दाबून काढणे बरेच सोपे होते. मात्र उच्च दाबाची पात्रे महाग असतात आणि मागे राहणाऱ्या पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये असल्याने त्यावर पुन्हा शुद्धीकरणाची प्रक्रिया करावी लागते.

दुसरी अडचण धातूंची

पाण्यापेक्षाही गंभीर प्रश्न धातूंचा आहे. सेंद्रिय विषे उष्णतेने मोडतात, जिवाणू व कृमी नष्ट होतात; परंतु धातू हे मूलद्रव्य असल्याने भट्टीत ते नाहीसे होत नाहीत. समजा, वाळलेल्या एक टन गाळात १०० ग्रॅम क्रोमियम आहे. भाजल्यानंतर त्याचा ६०० किलो कोळसा झाला, तर तेच १०० ग्रॅम क्रोमियम आता ६०० किलोत सामावले. म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम होते, ते सुमारे १६७ मिलिग्रॅम झाले. वजन घटले आणि धातूची तीव्रता वाढली.

काही धातू तर भट्टीतून निसटतात. पारा ३५७ अंश सेल्सियसलाच उकळतो, तर कॅडमियम ७६७ अंशांना. योग्य व्यवस्था नसेल, तर ते वायूबरोबर धुराड्यातून बाहेर जातील. क्रोमियमच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. गाळात ते बहुधा कमी विषारी अशा त्रिसंयुजी रूपात असते. परंतु चुन्यासारख्या अल्काच्या सान्निध्यात आणि हवा असताना ते तापविले, तर त्यातील काही भाग अतिविषारी आणि पाण्यात विरघळणाऱ्या षट्संयुजी रूपात जाऊ शकतो. या दृष्टीने हवाबंद भट्टी ही उघड्या ज्वलनापेक्षा सुरक्षित आहे; परंतु ती खरोखर हवाबंद असली पाहिजे. क्लोरीनयुक्त द्रव्ये असलेल्या गाळाचा वायू दुय्यम कक्षात उच्च तापमानाला पूर्णपणे जाळणे आणि नंतर धुऊन घेणेही आवश्यक ठरते.

येथेच गाळ आणि पाचट यांचा मेळ घालण्याची कल्पना पुढे येते. गाळात पाचट, तूस किंवा भुसा मिसळून भाजल्यास मिश्रणातील ओल कमी होते, कार्बनचे प्रमाण वाढते आणि कोळसा अधिक सच्छिद्र होतो. काही धातू कार्बन व खनिजांच्या सांगाड्यात अशा रीतीने बांधले जातात, की पाण्याबरोबर ते सहजासहजी झिरपत नाहीत. हे लाभ खरे आहेत. परंतु वरील उदाहरणातील गाळात एक टन पाचट मिसळून ३०० किलो अधिक कोळसा मिळाला, तर एकंदर ९०० किलोत क्रोमियमचे प्रमाण किलोमागे १११ मिलिग्रॅमवर येईल एवढेच. क्रोमियम १०० ग्रॅमच राहील. मिसळण्याने आकडा खाली येतो, विष कमी होत नाही. उलट, स्वच्छ असलेला पाचटाचा कोळसाही त्यात अडकून पडतो आणि शेतीच्या उपयोगातून बाद होतो.

गाळाच्या कोळशाचे योग्य स्थान

मग गाळापासून कार्बन करूच नये काय? तसे नाही. त्याचे स्थान कारखान्याच्या कुंपणाच्या आत आहे. गाळाच्या कोळशाचा पृष्ठभाग करवंटीच्या कार्बनइतका मोठा नसतो. परंतु त्यातील लोह आणि कॅल्शियम, जे अन्यत्र दोष ठरतात, ते काही कामांत गुण ठरतात. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू धरून ठेवण्यास असा कोळसा चांगला उपयोगी पडतो, असे प्रयोगांत आढळले आहे. साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून किंवा आसवनींच्या सांडपाण्यापासून जैववायू तयार करताना हा वायू काढून टाकावाच लागतो, अन्यथा यंत्रे गंजतात. सांडपाण्यातील रंग व काही सेंद्रिय द्रव्ये धरण्यासाठीही, ज्या केंद्रातून गाळ निघाला त्याच केंद्रात त्याचा कोळसा वापरता येईल. असे केल्यास बाहेरून विकत आणावयाच्या कार्बनमध्ये बचत होईल आणि दूषित पदार्थ नियंत्रित आवारातच राहील. पिण्याच्या पाण्यासाठी, स्वयंपाकाच्या इंधनासाठी अथवा शेतजमिनीसाठी मात्र धातुयुक्त गाळाचा कोळसा कदापि वापरू नये.

वापरून निकामी झालेल्या अशा कोळशाची अंतिम विल्हेवाटही आधीच ठरविलेली असावी. सिमेंटच्या भट्टीत तापमान सुमारे १,४५० अंश सेल्सियसपर्यंत जाते आणि बहुतेक धातू सिमेंटच्या खड्यात बांधले जातात. त्यामुळे निवडक औद्योगिक कचरा तेथे इंधनाबरोबर वापरण्याची पद्धत देशात रूढ झाली आहे. पाऱ्यासारख्या बाष्पनशील धातूंस मात्र तेथेही मज्जाव असावा लागतो. ज्याचा काहीच उपयोग होण्यासारखा नाही, तो कचरा शास्त्रशुद्ध भूभरणस्थळीच गेला पाहिजे. तळोजे, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशा कचऱ्यासाठी सामायिक केंद्रे आहेत.

कायदाही याच दिशेने जातो. २०१६ सालच्या धोकादायक व इतर कचरा व्यवस्थापन नियमांच्या पहिल्या अनुसूचीत सांडपाणी प्रक्रियेतून निघणाऱ्या रासायनिक गाळाचा समावेश आहे. असा कचरा कच्चा माल म्हणून वापरावयाचा असल्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची अनुमती घ्यावी लागते आणि ती केंद्रीय मंडळाने ठरविलेल्या कार्यपद्धतीच्या आधारे देण्यात येते. त्यामुळे ‘कारखान्याचे काळे खत’ म्हणून कोणी फुकट अथवा अल्प दरात भुकटी देऊ केली, तर तिचे मूळ काय, तिची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली आणि त्यास अनुमती आहे काय, हे तीन प्रश्न शेतकऱ्याने विचारलेच पाहिजेत. शेतात एकदा पसरलेला धातू पुन्हा गोळा करता येत नाही. तो पिकात उतरतो, विहिरीत झिरपतो आणि पुढल्या पिढीच्या वाट्याला येतो.

काही व्यावहारिक सूचना

गावपातळीवर वनस्पतींच्या कोळशाचा उद्योग करू इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टींची काळजी घ्यावी. कच्चा माल चांगला वाळलेला असावा. ओल्या मालाने धूर अधिक होतो व कोळसा कमी मिळतो. पाचटाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या, ठिबकच्या नळ्या किंवा कीटकनाशकांचे डबे भट्टीत जाणार नाहीत याकडे लक्ष असावे. भट्टीतून नुकताच काढलेला कोळसा वरून थंड दिसला, तरी हवा लागताच पुन्हा पेट घेऊ शकतो. तो झाकणबंद ठेवून पूर्ण निवू द्यावा आणि पोती भरण्यापूर्वी हात लावून खात्री करून घ्यावी. भुगा श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून काम करणाऱ्यांनी नाकातोंडावर फडके बांधावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे हे प्राणघातक ठरू शकते, हे घरोघर सांगितले जावे. कारण बिनधुराच्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू निघतो.

कारखान्यांच्या बाबतीत पहिली अपेक्षा वर्गीकरणाची आहे. जिवाणूंचा सेंद्रिय गाळ आणि रसायनांचा धातुयुक्त गाळ एकाच हौदात टाकला, की दोन्हींचा उपयोग संपतो. ते प्रारंभापासून वेगळे ठेवले, तर पहिल्याचा सदुपयोग आणि दुसऱ्याचा बंदोबस्त ही दोन्ही कामे सुकर होतील. त्याहीपुढे जाऊन, मूळ प्रक्रियेतच कमी विषारी रंग व रसायने वापरली, तर गाळ आपोआपच निर्धोक होईल. भट्टी कितीही उत्तम असली, तरी जे तिच्यात घातले नाही ते तिच्यातून बाहेर येणार नाही.

सहकाराच्या मार्गाने साखर उद्योग उभा करून महाराष्ट्राने देशाला एक वाट दाखविली. १९५० साली प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हा ऊस आणि साखर यांवरच सर्वांचे लक्ष होते. पुढे मळीपासून मद्यार्क, चिपाडापासून वीज आणि प्रेसमडपासून खत अशी एकेका टाकाऊ वस्तूला किंमत येत गेली. जाळून टाकले जाणारे पाचट आणि पऱ्हाट्या, तसेच साचत जाणारा गाळ यांचाही असाच विचार करण्याची वेळ आता आली आहे. तो करताना शेताचा कार्बन शेताकडे व चुलीकडे जावा आणि कारखान्याचा कार्बन कारखान्याच्या कामी यावा, एवढी मर्यादा पाळली गेली पाहिजे. तेवढे झाले, तर या काळ्या पदार्थाने होणारे कल्याण खरोखरीचे असेल.